फणसे साहेबांची कोनशिला

पिंपळदऱ्याच्या वाचनालयाला अजून भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, पुस्तकं नव्हती. ज्या जागेवर ते उभं राहायचं ती जागासुद्धा सरकारची होती. पण त्याची कोनशिला इंग्रजीतच पाहिजे, यावर मात्र सगळ्या गावाचं एकमत होतं.

सेहेचाळीस सालचा हिवाळा. लढाई संपली होती, रॉकेल अजून रेशनवरच होतं, आणि बेलापूरच्या बाजूला दौऱ्यावर निघालेले प्रांतसाहेब वाटेत पिंपळदऱ्याला मुक्काम करणार, अशी बातमी आली होती. साहेबांचं नाव फणसे. निदान गावात सगळे तेच म्हणत. साहेब गोरापान इंग्रज आहे हे ठाऊक असूनही, त्याचं आडनाव फणसे कसं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आडनावांचं काही सांगता येत नाही. गावात मोझेस मास्तरांना एकट्यालाच खरा उच्चार माहीत होता: फॅनशॉ. तालुक्याच्या कचेरीत कारकुनाच्या तोंडून त्यांनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि चारचौघांत बोलताना ते तो जरा सावकाश, नाकातून सोडत.

शाळेच्या ओसरीवर बैठक भरली तेव्हा पाटील काकासाहेब, म्हणजे वाचनालय समितीचे अध्यक्ष, मांडीवर थाप मारून म्हणाले, "फणसे सायेब खूश झालं की जागेचा हुकूम हातात. आन खूश कशानं हुतील? दगडावर आपलं नाव आपल्या भाषेत वाचून! इंग्रजीचं काय ते आपलं मास्तर बघतील."

"त्यात काय आहे!" मास्तर म्हणाले.

माणसानं आयुष्यात कधी 'त्यात काय आहे' असं म्हणू नये. म्हणालाच तर हळू म्हणावं. मास्तर चांगले खणखणीत आवाजात म्हणाले, आणि ओसरीवरच्या प्रत्येकानं ते ऐकलं.

मास्तरांचं इंग्रजी म्हणजे मिशनच्या शाळेतल्या तीन इयत्ता, आणि शिवाय नगरच्या एका देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीत त्यांनी लहानपणी पाहिलेला एक संगमरवरी दगड. त्यावरचं वाक्य त्यांना पाठ होतं: 'धिस फाउंडेशन स्टोन वॉज लेड बाय', आणि पुढे कुणातरी पाद्रीसाहेबांचं नाव. वाक्य तोंडपाठ असणं आणि ते लिहिता येणं यांत फरक असतो, हे मास्तरांना त्या रात्रीच्या जेवणाआधीच कळलं.

'फाउंडेशन' त्यांनी दमानं सोडवलं. 'स्टोन' सोपा निघाला. गाडी अडली 'लेड'पाशी. 'ले' म्हणजे एल, ए, वाय. मग 'लेड' म्हणजे त्यापुढे ई, डी. प्रार्थना करणं 'प्रे', केली की 'प्रेड', त्यात वाय तसाच. खेळणं 'प्ले', खेळलं की 'प्लेड', तिथंही वाय जागच्या जागी. मास्तरांनी ऐटीत 'लेड' लिहिलं: एल, ए, वाय, ई, डी.

हन्नाबाई ताट वाढता वाढता कागदावर वाकल्या. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि जखम बघावी तशा नजरेनं त्या कशाकडंही बघत.

"अहो, ह्यात वाय नाही. आय आहे."

"कोण म्हणतं?"

"आमच्या मेमसाहेब रिपोर्टात लिहायच्या, पेशंट लेड ऑन टेबल. मी कितीदा वाचलंय. एल, ए, आय, डी."

"मेमसाहेब घाईत असतील."

"घाईत माणूस अक्षर गाळतो. बदलत नाही."

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच मास्तरांना तो अजिबात आवडला नाही. "म्हणजे प्रार्थना करताना वाय चालतो आणि दगड बसवताना चालत नाही? देवाला एक स्पेलिंग आणि दगडाला दुसरं? भाषेला काही न्याय असतो की नाही, हन्ना?"

"न्यायाचं मला ठाऊक नाही. भाकरी निवतेय."

मास्तर जेवले, पण भाकरी गोड लागली नाही. हात धुतल्यावर त्यांनी कागदावर त्या शब्दापुढं पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं, चांगलं ठळक, आणि ठरवलं की सकाळी सायकल काढून बेलापूरला पाळकसाहेबांकडं जायचं. त्यांच्याकडं इंग्रजी डिक्शनरी होती.

डिक्शनरी हे एक चमत्कारिक पुस्तक आहे. ज्याला स्पेलिंग येत नाही त्याच्यासाठी ते काढलेलं, आणि स्पेलिंग आल्याशिवाय त्यात शब्द सापडत नाही. म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी विहिरीच्या तळाशी दोर ठेवावा, तसं. मास्तरांनी वाय घालून शोधलं, नाही. एल, ए, डी, ई असं करून शोधलं, तर 'गाडीवर माल लादणे' असा अर्थ निघाला. साहेबांनी दगड बसवला म्हणायचं तर साहेबांनी दगड लादला, असं झालं असतं! शेवटी पाळकसाहेबच चष्मा सावरत म्हणाले, "मास्तर, मूळ क्रियापदात बघा." तिथं कोपऱ्यात, बारीक अक्षरात ते निघालं. एल, ए, आय, डी.

परतीच्या वाटेवर मास्तरांना सायकल जड झाली. चढ होता म्हणून नव्हे. हन्नाला 'तुझं बरोबर होतं' हे न म्हणता तुझं बरोबर होतं हे कसं कळवायचं, याची जुळवाजुळव चालली होती. 'हल्ली दोन्ही चालतात, पण सरकारदरबारी आय बरा दिसतो' या वाक्यापर्यंत ते आले होते, तोच गावाच्या वेशीपाशी त्यांना टाकीचा आवाज ऐकू आला. टण्. टण्. टण्.

ते सायकल तिथंच टाकून आवाजाच्या दिशेनं धावले.

सहादेव पाथरवट काळ्या दगडापुढं मांडी घालून बसला होता. काकासाहेब शेजारी उभे राहून मिशीला पीळ देत होते. मास्तर घरी नाहीत, कागद तर टेबलावर तयार आहे, मग खोळंबा कशाला, म्हणून त्यांनी स्वतः कागद आणून सहादेवाच्या हाती दिला होता.

"या, मास्तर!" सहादेव आनंदानं म्हणाला. "पहिली वळ झाली बगा. बाकीची अक्षरं सरळ हुती. पर ह्यो शेवटचा आकडा लई नाठाळ! वाकडा बी हाय, आन खाली ठिपका बी हाय. पर सोडला न्हाई. जसाच्या तसा काढलाय."

काढला होता खरा. उरलेल्या सगळ्या ओळीपेक्षा ते प्रश्नचिन्ह सुरेख उतरलं होतं.

तेवढ्यात अब्राहाम काका आले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, शेजारीच राहणारे. आयुष्यभर त्यांनी झेंडी दाखवली होती आणि स्टेशनांच्या इंग्रजी पाट्या वाचल्या होत्या, त्यामुळे इंग्रजीवर आपला हक्क आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, शेवटी आवाज वर चढवून: "धिस फाउंडेशन स्टोन वॉज लेड?" मग मास्तरांकडं वळून म्हणाले, "म्हणजे दगड साहेबालाच विचारतोय होय, मला खरंच बसवलं का म्हणून?"

बघता बघता निम्मं गाव जमलं आणि सल्ल्यांचा पाऊस पडायला लागला. कुणी म्हणालं, चुना भरा. कुणी म्हणालं, काळा रंग द्या, साहेबाची नजर कुठं तिथपर्यंत जाते! भागूबाई म्हातारी, मास्तरांच्या दुपारच्या साक्षरतेच्या वर्गात पहिल्या रांगेत बसणारी, पदर सावरत पुढं आली आणि त्या चिन्हावर बोट ठेवून म्हणाली, "मास्तर, ह्येचा नाग करा की! फना हाय, शेपूट हाय. खाली ठिपका हाय, त्येचं अंडं करा."

"भागूबाई, साहेबांच्या नावाशेजारी नाग काढू?"

"का? शोभंल की. त्यो बी साहेबच हाय आपल्या जागी."

अखेर सहादेवानंच निकाल दिला. दोन बोटं दगड तासून काढायचा आणि पुन्हा नव्यानं घालायचं. दगड वीतभर जाड होता, दोन बोटांनी काही बिघडत नव्हतं. मास्तर मात्र घरी आले ते मान खाली घालूनच. हन्नाबाई दारातच उभ्या होत्या. मास्तरांनी जुळवून आणलेलं वाक्य म्हटलं: "हल्ली दोन्ही चालतात, पण सरकारदरबारी..."

"हात-पाय धुऊन घ्या," हन्नाबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मास्तरांना फार बरं वाटलं असतं.

पुढचे काही दिवस मात्र सोन्यासारखे गेले. दगड पुन्हा घातला गेला आणि या वेळी अक्षर न् अक्षर बरोबर उतरलं. साहेबांचं नाव मास्तरांनी उच्चाराबरहुकूम बसवलं: एफ, ए, एन, एस, एच, ए, डब्ल्यू. शेवटचा डब्ल्यू त्यांनी 'लॉ' या शब्दावरून आणला होता आणि त्याबद्दल त्यांना मनातून स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं. शाळेत कवायत सुरू झाली. बायकांनी ओसरी सारवली. जागेच्या चारी कोपऱ्यांना काकासाहेबांनी केळीचे खुंट उभे केले. देवळातला कापडी लाल गालिचा आला. सगळ्या गावाला असा ताप चढला होता की माणसं येता जाता नुसती दगड बघायला थांबत आणि 'लई झाक' म्हणून पुढं जात.

आणि साहेबांचं येणं परवावर आलं असताना त्यांचं सामान आलं.

दौऱ्यावरच्या साहेबाचं सामान नेहमी पुढं येतं. बेलापूर रोड स्टेशनवरून एक बैलगाडी आली. तीत दोन तंबू, एक लोखंडी पलंग, एक नहाणीचा टब आणि एक काळी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव होतं. मास्तर उत्साहानं वाचायला गेले आणि वाचतच राहिले. नाव संपेना. एफ, ई, ए, टी, एच, ई, आर. दम खाऊन एस, टी, ओ, एन, ई. पुन्हा दम खाऊन एच, ए, यू, जी, एच. ट्रंकेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"हे सामान कुणाचं?" मास्तरांनी गाडीवानाला विचारलं.

"सायबाचं."

"कोणत्या साहेबाचं?"

"मला काय ठावं? टेसनावर दिलं, हितं टाकलं."

मास्तर धावत काकासाहेबांकडं गेले. "पाटील, घात झाला! फॅनशॉ साहेब एकटे येत नाहीत. दुसरे साहेब आहेत बरोबर. तंबूही दोन आहेत."

काकासाहेबांनी पान थुंकलं. "दुसरं कोन?"

"नाव केवढं आहे म्हणता! आपल्या साहेबांच्या दुपटीहून लांब."

"मग त्यो मोटा सायेब," काकासाहेब तत्काळ म्हणाले. "नाव मोटं, त्यो मोटा. कलेक्टरच असंल!" आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती आणि आनंद अशा दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या. पिंपळदऱ्याला कलेक्टर! आजूबाजूच्या गावांनी काय म्हणावं!

समिती पुन्हा बसली. मोठ्या साहेबांचं नाव दगडावर नसणं म्हणजे जागेवर पाणी सोडणं. बरं, फणसे साहेबांचं काढावं तर ते रुसणार. तेव्हा दोन्ही नावं घालायची, मोठे साहेब आधी, ही गोष्ट नक्की झाली. पण मोठ्या साहेबांना हाक काय मारायची?

मास्तरांनी नाव फळ्यावर लिहिलं. पहिला भाग निभावला: फेदरस्टोन. खरा प्रश्न शेपटीचा होता.

"शेवटी जी-एच आहे," मास्तर म्हणाले. "आता 'घोस्ट' म्हणजे भूत, त्यात जी-एचचा घ होतो. तेव्हा फेदरस्टोनहौघ."

"पण 'लाफ' म्हणजे हसणं," अब्राहाम काका म्हणाले, "त्यात जी-एचचा फ होतो. आमचे गार्डसाहेब लिहायचे. म्हणजे फेदरस्टोनहाफ."

"आणि 'डॉटर'मध्ये जी-एच असून नसल्यासारखा," मागून हन्नाबाईंचा आवाज आला. त्या दवाखान्यातून येता येता थांबल्या होत्या. "मग फेदरस्टोनहॉ."

मास्तर खडू हातात धरून उभे राहिले. भुताला घ, हसण्याला फ, आणि मुलीला काहीच नाही. दोन अक्षरं तीच, आणि ती कुठं कशी वागतील याचा नेम नाही. अशा अक्षरांशी माणसानं संसार कसा करावा?

"तिन्ही म्हना," काकासाहेब म्हणाले. "येखादं लागू पडंल."

सहादेवानं पुन्हा दगड तासला. या खेपेला बराच, कारण आधीची अक्षरं त्यानं इमानानं खोल घातली होती. मोठ्या साहेबांचं नाव एका ओळीत बसेना, तेव्हा 'फेदरस्टोन' वरच्या ओळीत आणि उरलेलं शेपूट खालच्या ओळीत, अशी तडजोड झाली. अब्राहाम काकांनी आणखी एक हरकत काढली, "फाउंडेशन स्टोन म्हणून एकदा 'स्टोन' आलाय, साहेबाच्या नावात पुन्हा कशाला? एक काढा. अक्षरं वाचतील." त्यांना तिथून हलवावं लागलं. आदल्या संध्याकाळी काम पुरं झालं तेव्हा सहादेवानं दगडाच्या कडेवरून हात फिरवला आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, आता ह्यो दगड ऱ्हायला न्हाई. फरशी झाली. तेवढं सायबाला सांगा, हळू हात लाव म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरळा उडवत मोटार आली. सनया वाजल्या, मुलांनी सलामी दिली. मोटारीतून एकच साहेब उतरला. उन्हानं नाक सोललेला, लांबट, जेमतेम तिशीचा. काकासाहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, "यावं फणसे सायेब!" म्हणाले, आणि त्यांना दोन खुर्च्यांपैकी लहान खुर्चीवर बसवलं. मोठी खुर्ची, देवळातली, कोरीव पाठीची, तिच्यावर दुसरा, जाडजूड हार ठेवलेला.

आणि मग सगळे वाट बघायला लागले.

सनईवाले थांबले. मुलं पायाचा भार बदलू लागली. साहेबांनी हारातला एक झेंडू हुंगला, घड्याळ बघितलं, रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. साहेब मराठीची सरकारी परीक्षा पास झालेले होते. परीक्षेतल्यासारखंच स्वच्छ मराठी ते बोलले, "आपण कोणाची प्रतीक्षा करतो?"

काकासाहेबांनी मास्तरांना कोपरानं ढोसलं. मास्तर पुढं झाले.

"मोठ्या साहेबांची, साहेब."

"कोण मोठे साहेब?"

मास्तरांनी डोळे मिटले आणि तिन्ही नावं एका दमात म्हटली: "फेदरस्टोनहौघ साहेब, फेदरस्टोनहाफ साहेब, फेदरस्टोनहॉ साहेब."

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. मग ती आठी हळूहळू सरकत खाली आली आणि तिचं हसू व्हायला लागलं. पण साहेबांनी ते मोठ्या कष्टानं दाबून धरलं.

"ते आले आहेत," साहेब म्हणाले.

"कुठं?"

"येथे. मीच आहे. लिहिण्यात ते. बोलण्यात फॅनशॉ."

मास्तरांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मनातल्या मनात ती ट्रंक पुन्हा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वाचली. एवढ्या अक्षरांमधून फॅनशॉ? एवढी माणसं घरात आणि एकटा कमावता? पण साहेब खोटं कशाला बोलतील, आणि तेही स्वतःच्या नावाबद्दल?

"काय म्हनतात?" काकासाहेबांनी कुजबुजत विचारलं.

"दोन्ही साहेब एकच आहेत," मास्तर म्हणाले.

काकासाहेबांनी क्षणभर विचार केला आणि दुसरा हारही त्याच गळ्यात घातला. पाटील माणूस! हार वाया कसा जाऊ देईल?

आता दगडावरचं कापड काढणं भागच होतं. काढलं. साहेबांनी वाकून वाचलं. 'हा पायाचा दगड फेदरस्टोनहॉ आणि फॅनशॉ यांनी बसवला.' त्यांचे खांदे हलायला लागले. हारांआड तोंड लपवून त्यांनी चुन्याची थापी उचलली, दगडाच्या डोक्यावर रिवाजाप्रमाणे हलकेच टक टक केलं, आणि तिसऱ्या टकीला 'कट्' असा आवाज झाला. दगडाचे बरोबर मधून दोन तुकडे झाले. एकावर फेदरस्टोनपर्यंतचा मजकूर, दुसऱ्यावर उरलेलं शेपूट आणि फॅनशॉ.

सहादेवानं तोंडावर हात धरला. बायकांमधून 'अगं बया' असा सूर निघाला. मास्तरांना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. पायासाठी खणलेला खड्डा समोरच होता, तेवढीही सोय होती.

पण साहेबांनी आता हसू मोकळं सोडलं होतं. ते दगडावरच बसले, एका तुकड्यावर, आणि डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, माझ्या नावात पुष्कळ अक्षरे बेकार बसलेली आहेत. काम नाही, फक्त जागा अडवतात. शाळेत मी स्वतः ते चुकलो. छडी खाल्ली. स्वतःचे नाव चुकल्याबद्दल!"

"छडी?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. ते थोडे पुढं सरकले.

"सहा वर्षांचा होतो. आता ते सोडा. वाचनालय तुमचे, लोक तुमचे. दगड मराठीत करा. फळा आणा. मी लिहून देतो."

शाळेतून फळा आला. साहेबांनी खडू घेतला आणि गोल गोल, जपून काढलेल्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली. एक साहेब मराठी लिहितोय हे बघायला गर्दी इतकी पुढं सरकली की केळीचा एक खुंट आडवा झाला. साहेबांनी लिहिलं, 'या वाचनालयाची कोनशीला'.

मास्तरांनी ते वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. आणि मग जे झालं त्याबद्दल गाव पुढं कितीतरी दिवस बोलत होतं. समोर सरकार बसलेलं, जागेचा हुकूम अजून सरकारच्या खिशात, दगड फुटलेला, अब्रू गेलेली. अशा वेळी शहाण्या माणसानं जीभ चावून गप्प राहावं. पण मास्तरांचा हात त्यांचा राहिला नाही. बावीस वर्षं पाट्या तपासलेला तो हात आपणहून पुढं झाला, अंगठ्यानं साहेबांची दीर्घ वेलांटी पुसली आणि तिथं ऱ्हस्व काढली.

काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

साहेब फळ्याकडं बघत होते. "हे का?"

"साहेब, शिला ऱ्हस्व. म्हणजे दगड."

"आणि दीर्घ केली तर?"

"तर ती बाई होते, साहेब. मुलीचं नाव आहे ते."

"एवढ्याने बाई होते?" साहेबांनी खडूनं हवेत ती वेलांटी काढून बघितली, आधी एकीकडून, मग दुसरीकडून. "पण बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येते. मग मी कसे ओळखावे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. नियम सांगायला म्हणून उघडलं आणि ते तसंच राहिलं. भुताला घ, हसण्याला फ, मुलीला काहीच नाही, असा दोन दिवस ज्या अन्यायानं त्यांचा जीव खाल्ला होता, त्याच अन्यायाच्या बाजूनं आता त्यांनाच वकिली करायची होती. मागं बायकांच्या रांगेतून एक हसणं ऐकू आलं. हन्नाबाई होत्या. पदर तोंडात कोंबूनही ते बाहेर सांडत होतं.

"ओळखता येत नाही, साहेब," मास्तर शेवटी म्हणाले. "पाठ करायचं असतं."

"आमच्याकडेसुद्धा तेच!" साहेब इतक्या आनंदानं ओरडले की सनईवाल्यांना वाटलं आपल्याला खूण झाली, आणि त्यांनी एकदम सुरू केलं. त्या गदारोळात साहेबांनी मास्तरांना हाताला धरून कोरीव पाठीच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसून फळ्यावरच्या एकेका वेलांटीची चौकशी सुरू केली. ही का? ती का नाही? मास्तर सांगत होते, साहेब मांडीवर थाप मारत होते, आणि काकासाहेब सगळ्यांना सांगत सुटले होते की मास्तरांनी सायबाला पास केलं. जागेचा हुकूम साहेबांनी जेवणाआधीच सही करून दिला. सही भली लांबलचक होती.

नवा दगड आठवड्याभरात झाला. सहादेवानं या वेळी चांगला हातभर जाड घेतला, 'कितीबी चुका, घाबरू नका' म्हणाला, पण चूक एकही झाली नाही. दगड बसवायच्या दिवशी साहेब नव्हते, सनया नव्हत्या. पण गाव होतं. दगडावर चुना लागला, तो सरळ झाला, आणि माणसं गोळा होऊन नेहमीप्रमाणे नुसती बघायला लागली.

मग भागूबाई पुढं आली. ती दगडापुढं उकिडवी बसली आणि तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"या," ती म्हणाली. मग थांबली. "वा... च... ना..."

मास्तर तिच्या मागं उभे होते, ओठ तिच्याबरोबर हलत होते, पण त्यांनी एक अक्षर सुचवलं नाही. बोट पुढं सरकत होतं. खडबडीत, चुलीच्या राखेनं काळवंडलेलं. पहिल्या वेलांटीपाशी ते अडलं, मागं आलं, पुन्हा गेलं आणि पार झालं. "को... न... शि... ला!" ती शेवटचं अक्षर जवळजवळ ओरडलीच. दुसरी ओळ तिनं पहिलीपेक्षा लवकर वाचली. तिसरी सुसाट. सालाच्या आकड्यापर्यंत पोचली, तो आकडाही वाचला, आणि दगडाच्या खाली, मातीत, आणखी काही आहे का म्हणून वाकून बघितलं.

तिथं काही नव्हतं. खणलेला चर होता, आणि त्यापलीकडं मोकळी जागा.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. चेहरा नुसता फुलला होता.

"मास्तर, ह्ये झालं वाचून," ती म्हणाली. "पुढचं कुठाय?"

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. मग त्यांनी कोट काढून अब्राहाम काकांच्या हातात दिला, शेजारच्या माणसाची कुदळ घेतली आणि स्वतःच चरात उतरले.